सव्वातीन तांबे पाणी

नवीन शेजारी पहिल्यांदा घरी आला की सोफ्यावर बसतो, खिडकीतून काय दिसतं ते बघतो आणि महिन्याचं मेंटेनन्स किती यावर उसासा टाकतो. घरतकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दारातूनच, "वैनी, बाथरूम कुठं हाय?" असं विचारत. मला वाटलं, वय झालंय, असेल घाई. मी लगबगीने दार दाखवलं. काका आत गेले, दार उघडंच ठेवलं, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि खालून वर चढत जाणारा "ऊंऽऽऽ" असा एक लांबलचक आवाज काढला. मध्येच एका ठिकाणी अख्खं बाथरूम त्यांच्याबरोबर घुमलं. बादलीची कडी थरथरली. काकांनी खिशातून एक लोखंडी दुबेळकं काढलं, गुडघ्यावर आपटून कानाशी धरलं, मनाशी काही हिशोब केला आणि बाहेर येऊन जाहीर केलं,

"काळी चार. आमचा बाथरूम काळी तीन. तुमचा वीतभर आखूड हाय. बिल्डरनं फसवला तुमाला."

आणि चहा न घेता निघून गेले.

आमचे हे कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नाहीत, विशेषतः मी सांगितलेल्या. त्यांनी टेप आणला, आमचं बाथरूम मोजलं, समोर जाऊन घरतांचं मोजलं. बरोबर आठ इंचांचा फरक. त्या दिवसापासून हे घरतकाकांना 'सर' म्हणू लागले. मला लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी अजून 'अगं' आहे.

काका खरं म्हणजे सर नव्हते. एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ते आयुष्यभर शिपाई होते. सकाळी कपाटातून उपकरणं काढायची, पुसायची, टेबलावर मांडायची, संध्याकाळी मोजून परत ठेवायची. सर आले नि गेले, काका राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेलं सगळ्यात लाडकं उपकरण म्हणजे पाण्यात उभी केलेली काचेची लांब नळी. नादकाटा, म्हणजे तेच ते लोखंडी दुबेळकं, वाजवायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा आणि नळी हळूहळू वर उचलायची. नळीतल्या हवेची लांबी काट्याच्या सुराला जुळली की इतका वेळ गप्प असलेली नळी एकदम मोठ्याने घुमते. पुस्तकात त्याला अनुनाद म्हणतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत घाबरलेल्या मुलांना तो क्षण ऐकूच यायचा नाही. मग परीक्षकांच्या पाठीमागे उभे असलेले काका बरोबर त्या क्षणी नाक खाजवायचे. पनवेल परिसरातले कित्येक इंजिनियर आणि दोन-तीन डॉक्टर काकांच्या नाकावर पास झालेले आहेत.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने शाल आणि श्रीफळ देऊ केलं. काका म्हणाले, "शाल नको, काटा द्या." तो काटा तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. पेन नसतं, पैसे नसतात, मोबाईल घरी विसरतो, पण काटा असतो. काका दिसेल त्या वस्तूला बोटाच्या पेराने टकटक करतात, काटा कानाशी धरतात आणि निकाल देतात. गॅसचा सिलिंडर, लेटरबॉक्स, पाण्याची टाकी, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींचं हेल्मेट, तेही सेक्रेटरींच्या डोक्यावर असताना. काट्याशिवाय मात्र एक सूर सांगणार नाहीत. "नुसत्या कानानं सूर सांगनारा खोटारडा," असं त्यांचं ठाम मत. "कान लबाड असतो. काटा नसतो."

आणि या सगळ्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "दुनियेत मुका काय नाय, वैनी. आपुन त्याच्या सुरात बोलत नाय, एवढाच."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर लिफ्टच्या दाराबद्दल म्हटलंय, भोपळ्याबद्दल म्हटलंय आणि जीएसटीच्या ऑफिसातल्या साहेबांबद्दलही म्हटलंय. मी आपली मान डोलवायचे. मी तेव्हा हौसेने महिला मंडळात गाणं शिकत होते. एकदा न राहवून विचारलं, "काका, माझ्या आवाजाला काय घुमतं हो?" काकांनी मला 'सा' लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी जिन्यात नेऊन लावायला सांगितला, मग पार्किंगमध्ये. शेवटी काटा खिशात ठेवून म्हणाले, "घाबरू नका वैनी. तुमच्या आवाजानं या बिल्डिंगमदी कशालाच धक्का नाय." मी क्लास सोडला. हे म्हणाले, सरांनी सोसायटीवर उपकार केले.

पण उपकार केलेच होते काकांनी, अगदी खरे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या शोकेसची काच रोज सकाळी साडेसहाला आपोआप खणखणायची. त्यांनी घराची शांती करून घेतली, लिंबू-मिरची बांधली, शोकेस पूर्वेकडून पश्चिमेला नेलं. काकांनी काचेला टिचकी मारली, काटा कानाशी धरला, खाली पंपाच्या खोलीत जाऊन परत धरला आणि वर येऊन काचेच्या खाचेत बसच्या तिकिटाची घडी खोचली. "पंप जो सूर लावतो, तोच हिचा सूर हाय. हाक आली की ओ देते बिचारी. आता तिचा तोंड बांधला." शांतता झाली. लिंबू-मिरची अजून आहे, कारण बाईंच्या मते श्रेय विभागून द्यायला हवं.

त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात तर तुम्हाला आजूबाजूला फक्त पोटं आणि गळे दिसू लागतात. तंबोऱ्याचा भोपळा हे पोट. गिटारचं भोक हा गळा. मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये रिकाम्या खोल्या असतात, त्या फटफटीचा आवाज गिळतात. रेडिओत हवेऐवजी वीज झोके घेते, पण गोष्ट तीच. हजार स्टेशनं बोलत असतात, आपण बटण फिरवून एकाच्याच सुरात बसतो. शंखात समुद्र नसतो, आपल्याच खोलीतली कुजबुज निवडून मोठी होऊन येते. "आनि ह्यो बगा," असं म्हणून काका माझं मनगट धरायचे, "तुमच्या घड्याळात तांदळाच्या दाण्यायेवढा काटा हाय. माझ्यासारखाच, दोन पायांचा. तो थरथरतो म्हनून तुमाला टाईम कळतो." मी म्हटलं, "काका, मला टाईम कळतो तो ह्यांनी जेवायला मागितलं की." पण त्या दिवसापासून घड्याळ काढून ठेवताना मी ते जरा हळू ठेवते.

आता घरतकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांचं एवढं टकटक चालायचं आणि काकू समोर बसून निवांत तांदूळ निवडत असायच्या. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

काकू ओवे गावच्या. खारघरच्या टॉवरांच्या कडेला ते जुनं गाव अजून आहे, तिथे घरतांचं घर आहे, मुलगा-सून तिथेच राहतात. काकू नुसत्या सासुरवाशीण नव्हत्या, त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवला म्हणतात. देवांना बोलावण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गायल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. काकूंचा आवाज म्हणे असा खालचा आणि भरदार होता की मांडवाच्या कापडाला हात लावला तर हाताला कळायचा. त्या आठ-दहा गावांतून गात फिरल्या. मग हळूहळू ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, पण काकूंनी ते डब्यात ठेवलं. "भांडी आयकू येतात, कुत्री आयकू येतात," त्या मला म्हणाल्या होत्या, "फकस्त मानूस आयकू येत नाय. मंग कशाला?"

सहा वर्षांपूर्वी एका लग्नात गाता गाता काकूंचा सूर सुटला. स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, तो कधी वर सरकला त्यांना कळलं नाही. पण समोर बसलेल्या दोन मुलींनी ओढणी तोंडावर घेतलेली त्यांना दिसली. काकूंनी ओळ पुरी केली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि उठल्या. त्यानंतर गायल्या नाहीत. गाणंच काय, बोलणंही कमी कमी होत गेलं.

आणि यंदा नातीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं. प्राजक्ता आयटीत आहे, इंग्रजीत भांडते, पण अडून बसली: धवला आजीनेच म्हणायचा, नाहीतर मी हळद लावून घेणार नाही. काकूंनी हाताने 'नाही' केलं. मुलाने शहाणपणा करून पळस्प्याच्या एका धवलारणीला सांगून ठेवलं. घरात तीन तट पडले. काका कुठल्याच तटात नव्हते. ते भांडी वाजवत होते.

म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. बाजारात भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी प्रत्येक हंड्याच्या, घागरीच्या तोंडाशी "ऊं" केलं. दुकानदाराने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग मुलाचा नंबर मागितला. सोसायटीत घरोघर फिरून त्यांनी माठ, बरण्या, तांबे, एका घरी अस्थी आणायला घेतलेलं मडकंसुद्धा तपासलं. माझ्याकडे आले तेव्हा मी माळ्यावरची सासूबाईंची पितळी कळशी मोडीत द्यायला खाली काढली होती. तिच्याऐवजी मला नॉनस्टिकचा सेट घ्यायचा होता. सासूबाई भिंतीवरच्या फोटोतून बघत होत्या, म्हणून मी कळशीवर टॉवेल टाकला होता.

काकांनी टॉवेल काढला. टक. काटा कानाशी धरला. मग तोंडाशी वाकून "ऊंऽऽ". कळशी हुंकारली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ह्यांनी माझ्याकडे फक्त साखरपुड्याला बघितलं होतं.

"वैनी, ही मला लग्नापुरती द्या."

"काका, न्या की. पण करणार काय?"

त्यांनी मला ओट्याशी उभं केलं आणि शिकवलं. कळशीच्या गळ्यात हवेचं एक बूच असतं. पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. बूच खाली गेलं की स्प्रिंग वर ढकलते, वर गेलं की खाली ओढते. झोपाळाच तो. झोपाळ्याला त्याच्या वेळेला धक्का दिला तर बोटानेही चढतो. अवेळी दिला तर पैलवानालाही दाद देत नाही. कळशीचा सूर म्हणजे तिच्या झोपाळ्याची वेळ. आत पाणी ओतलं की पोट लहान होतं, स्प्रिंग ताठ होते, सूर चढतो. हवा तो सूर येईपर्यंत पाणी घालत जायचं.

"आनि मंग हात लावा."

मी दोन्ही तळवे कळशीच्या पोटावर ठेवले. काका गायले, म्हणजे एकच सूर धरला. पितळ माझ्या हाताखाली मांजरासारखं गुरगुरलं. त्यांनी सूर किंचित वर सरकवला. मांजर गप्प. परत आणला. गुरगुर.

"धवल्याची परत्येक ओळ फिरते-बिरते नि शेवटाला त्याच सुरावर घरी येते," काका म्हणाले. "तिला कानानं घर दिसत नाय आता. हातानं दिसल."

मग मला कळलं. आणि मी, जी सीरियलमध्ये कुणी मेलं की सगळ्यात आधी रडते, ओट्यावरचा नळ उगाचच सोडून भांडं धुऊ लागले.

काकूंनी आधी कळशी लांब सारली. दोन दिवस ती त्यांच्या हॉलमध्ये पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कानावर समोरच्या घरातून एक खालचा, चाचपडणारा आवाज आला. थांबला. परत आला. मी कुकरचा गॅस बंद केला आणि भात कच्चा राहिला. ह्यांनी तो तसाच खाल्ला; त्यांनीही ऐकलं होतं. पंधरा दिवस असं चाललं. शेवटी काकूंनी सुनेला निरोप पाठवला: हळदीचा पहिला धवला मी म्हणेन. एकच. सुटला तर पळस्प्याच्या बाईने पुढे घ्यावा, आणि परत मला कुणी विचारू नये.

म्हणजे एक गाणं. त्यावर सगळं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने ओव्याला निघालो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे काकू आणि मी. कळशी माझ्या मांडीवर. काकांनी घरीच सूर लावून आणला होता. "सव्वातीन तांबे, वैनी. थेंब सांडायचा नाय." मी म्हटलं, काळजीच करू नका. मी ज्या ज्या वेळी 'काळजी करू नका' म्हटलंय, त्या त्या वेळी काय झालं याची यादी ह्यांच्याकडे आहे. रोडपालीच्या पुढे एक खड्डा आला. तो खड्डा नव्हता, ते गावच होतं. रिक्षा वर गेली, मी वर गेले, कळशी वर गेली. खाली येताना आमची वेळ जुळली नाही आणि पैठणीवर भरपूर पाणी सांडलं. काकूंनी बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. काकू हसल्या. मी पदराने झाकून बसले.

मांडवात ही गर्दी. डीजेवाला काळ्या पेट्यांच्या भिंतीशेजारी "चेक, चेक" करत होता. पळस्प्याची धवलारीण पान जुळवत बसली होती, सोबत दोन जणी. मी कळशी पाटाशेजारी ठेवली आणि विचार करत होते की सांडलेलं कसं भरून काढावं. तेवढ्यात काकांच्या चुलत बहीण चंद्रीआत्या आल्या. त्यांनी कळशीत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मांडवात अर्धी कळशी? जल्ली कोनी ठेवली? पोरीच्या हळदीला अर्धा भांडा ठेवतात का गं?"

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, देवच धावला. सांडलेलंही भरून निघेल आणि शकुनही होईल. मी दोन हातांनी कळशी उचलली, नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. वर चंद्रीआत्यांनी पाच आंब्याची पानं लावली आणि नारळ ठेवला. कळशी काय सुंदर दिसत होती! मी फोटोही काढला.

काकू येऊन बसल्या. प्राजक्ता पाटावर. काकूंनी कळशीचा नारळ बघितला, जरा थबकल्या, तो काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे पितळेवर टेकले. डोळे मिटले. पहिली ओळ सुरू केली. आवाज खाली फिरला, वर गेला, शेवटाला आला. घर शोधू लागला. मी काकूंचे हात बघत होते. हातांना काहीच कळत नव्हतं. आवाज जरा वर सरकला, मग जरा खाली, अंधारात भिंत चाचपावी तसा. आणि थांबला. काकूंनी डोळे उघडले. सहा वर्षांपूर्वी त्या दोन मुलींकडे जसं बघितलं असेल, तसं त्यांनी समोरच्या बायकांकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. पण काकूंचे हात कळशीवरून निघाले.

पळस्प्याची बाई हळूच म्हणाली, "मी घेऊ का पुढे?"

काका गर्दीतून वाट काढत आले. कळशीला पेराने टक केलं. ठप्प, एखादा दगड वाजावा तसं. त्यांनी आत बघितलं. मग माझ्याकडे.

"काका," मी म्हटलं, "मी भरली."

"काठोकाठ?"

"काठोकाठ. आधी सांडली, मग भरली."

मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायलाच हवं होतं. काका एवढंच म्हणाले, "पोट भरला की बोलत नाय कोनी, वैनी. तांब्या आना."

मी तांब्या आणला. काका उपसू लागले तशा चंद्रीआत्या ओरडल्या, "मांडवातला पानी जमिनीवर फेकू नको रे!" मग मी ते तांबे नेऊन मुहूर्तमेढीच्या बुंध्याशी, उंबराच्या फांदीला घालू लागले. डीजेवाला "चेक" करायला गेला तर पळस्प्याच्या बाईने पानाचं देठ त्याच्याकडे रोखून "ए, तुझी पेटी बंद कर" म्हटलं. एक तांब्या. काका कळशीवर वाकून "ऊंऽऽ". काही नाही. आणखी एक. काही नाही. आता अर्धा मांडव पुढे झुकला होता. बायका श्वास धरून होत्या. आणखी अर्धा. आणखी वाटीभर. प्राजक्ता पाटावरून ओरडली, "आजोबा, थोडं अजून!" जसं क्रिकेट चाललंय.

मी मुहूर्तमेढीकडून परत येताना थांबले. काका उपसायचे, सूर लावायचे, ऐकायचे. पण काटा काही काढत नव्हते. खिशावर तो नेहमीसारखा उंचवटा दिसत होता, आणि काकांचा हात एकदाही तिकडे गेला नाही. ज्या माणसाने बाथरूमचा सूर काट्याशिवाय सांगितला नव्हता, तो काकूंचा सूर नुसता आठवून लावत होता. सहा वर्षं त्या गायल्या नव्हत्या. सूर काकांकडे ठेवायला दिल्यासारखा जसाच्या तसा होता.

शेवटचा अर्धा तांब्या मी ओतत असतानाच मागे कळशी घुमली. खोल, जाड, पोटातून. चार बायका एकदम "गं बाय!" म्हणाल्या. काकांनी काकूंचे दोन्ही हात धरले आणि कळशीवर नेऊन ठेवले.

काकू गायल्या. मला त्या धवल्याचे शब्द सगळे कळले नाहीत. गणपतीला बोलावणं होतं, गावदेवीला होतं, पूर्वजांना होतं. आवाज जुना होता, मध्ये फाटत होता. पण प्रत्येक ओळ भटकून भटकून शेवटाला यायची, हाताखाली पितळ ओ द्यायचं, आणि काकूंचा चेहरा दर वेळी जरासा सैल व्हायचा. तिसऱ्या ओळीला पळस्प्याच्या बाईने पान थुंकून मागून साथ धरली. काकूंना ती ऐकू येत नव्हती. पण कळशी जास्त जोरात घुमली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. ठरलं होतं एक गाणं. काकूंनी पाच म्हटली. डीजेवाल्याला दुपारचे दोन वाजेपर्यंत कुणी पेट्यांना हात लावू दिला नाही.

लग्न झालं. चार दिवसांनी काका कळशी परत द्यायला आले. चिंचेने घासून लखलखीत केलेली. मी म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडे. सासूबाईंना मी सांगेन." काका म्हणाले, "बरं," आणि इतक्या पटकन वळले की त्यांनी ती मनापासून परत आणली होती असं वाटलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे लग्नातल्या लाडवांचा रिकामा डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं. काकू खाली बसल्या होत्या, कळशी पुढ्यात, तळवे तिच्यावर. मला बघून त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. काका गुडघ्यावर हात टेकून, कंबर धरत वाकले, तोंड कळशीच्या गळ्याशी नेलं आणि काकूंच्या त्या सुरात, सगळं एका पट्टीत, देवळात आरती म्हणावी तसं लांबवून म्हणाले,

"चाऽऽऽ घेऽऽशील काऽऽऽ?"

आता, त्या घुमण्यातून शब्द कळत नाहीत हे मला काकांनीच शिकवलंय. हाताला फक्त थरथर कळते. पण बावन्न वर्षं रोज संध्याकाळी त्या वेळेला त्या घरात एकच प्रश्न विचारला जात होता, आणि मधली काही वर्षं त्याला उत्तर आलं नव्हतं.

काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"साखर कमी टाका," त्या म्हणाल्या. "आनि वैनींना पन इचारा, दारात उभ्या हायत."